हृदयरोगतज्ज्ञाचे शिक्षण : हात आणि निर्णय



हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यावरची पाटी आपण सगळेच वाचतो, पण तिच्यावरच्या अक्षरांमागे काय आहे याची चौकशी सहसा करत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक, त्यानंतर मेडिसिनमधल्या एमडीची तीन, आणि पुन्हा एक देशव्यापी प्रवेशपरीक्षा देऊन कार्डिऑलॉजीतल्या डीएमची किंवा तिच्या समकक्ष डीआरएनबीची तीन. अठराव्या वर्षी शिकायला लागलेला विद्यार्थी कुठेही न अडखळता, एकही वर्ष वाया न घालवता पुढे गेला, तरी स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत तिशीला पोचतो. शासनाच्या बंधपत्रित सेवेची वर्षे आणि प्रवेशपरीक्षेच्या तयारीत गेलेला काळ यात धरलेला नाही. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याची वाट निराळी, ती एमएस आणि एमसीएचमधून जाते. आज मी मुख्यतः डीएमच्या वाटेबद्दल बोलणार आहे. या वाटेबद्दल माझे म्हणणे एकच आहे. इतक्या दीर्घ शिक्षणात डॉक्टरच्या हाताला जेवढे वळण लागते, तेवढे त्याच्या निर्णयाला लागत नाही. त्यातही हस्तक्षेप न करण्याचा निर्णय या शाखेत बहुधा सर्वांत अवघड असतो, आणि नेमकी त्यालाच अभ्यासक्रमात, परीक्षेत आणि मूल्यमापनात फार थोडी जागा मिळते. हे बदलता येईल, आणि बदलले पाहिजे.

डीएमच्या तीन वर्षांत काय घडते ते आधी पाहू. मुंबईतले केईएम, सायन, नायर किंवा जेजे यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयात हा विद्यार्थी सुरुवातीचा बराच काळ सीसीयूत आणि इकोच्या यंत्रासमोर काढतो. रात्री-बेरात्री आलेला झटका ओळखणे, हृदयाची गती फारच मंदावली तर तात्पुरता पेसमेकर बसवणे, हृदयाभोवती साचलेले पाणी सुईने काढणे ही कामे तो करतो. पुढे कॅथलॅब येते. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून नळी आत नेऊन अँजिओग्राफी करणे, मग वरिष्ठांच्या हाताखाली अँजिओप्लास्टी, झडप अरुंद झाली असेल तर फुगा वापरून ती मोकळी करणे. या शेवटच्या कामाचा भारतीय डॉक्टरांना मोठा अनुभव आहे, कारण संधिज्वरातून होणारा झडपेचा आजार आपल्याकडे अजून गेलेला नाही. केलेल्या प्रत्येक प्रक्रियेची नोंद लॉगबुकात होते आणि त्या नोंदींवर मार्गदर्शकाची सही असते. ही पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही. हाताने करायची कामे मोजूनच शिकवावी लागतात. पण लॉगबुकात काय येत नाही, तेही पाहावे. अँजिओग्राफी झाली, एक धमनी सत्तर टक्के अरुंद दिसली, रुग्णाची तक्रार, चालण्याची क्षमता आणि इतर तपासण्या पाहून युनिटने औषधांवरच ठेवायचे ठरवले. अशा रुग्णाची नोंद केवळ ‘अँजिओग्राफी’ म्हणून होते. ज्या अर्ध्या तासात तो निर्णय झाला, जे वाद झाले, जो पुरावा तोलला गेला, ते सगळे कागदावरून नाहीसे होते. वर्षभराने तो रुग्ण कसा आहे, हेही विद्यार्थ्याला बहुधा कळत नाही, कारण तोपर्यंत त्याची नेमणूक बदललेली असते आणि रुग्ण गावाकडच्या डॉक्टरकडे जात असतो.

ज्या उपचारावर आजची कॅथलॅब उभी आहे, त्याच्या जनकाने सुरुवात वेगळ्या वृत्तीने केली होती, हे इथे सांगितले पाहिजे. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये माणसाच्या हृदयधमनीत फुगा नेऊन ती पहिल्यांदा रुंद केली. दोन वर्षांनी त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात यशस्वी ठरलेले रुग्ण ३२ होते, आणि हा आकडा त्यांनी लपवला नाही. बायपाससाठी योग्य असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्क्यांनाच हा उपचार लागू पडेल, असा त्यांचा त्या वेळचा अंदाज होता. डॉक्टरांना समोर प्रत्यक्ष प्रक्रिया दाखवून त्यांनी शिकवले, आणि त्याच वेळी जगभरच्या रुग्णांची एकत्र नोंदवही ठेवण्याचा आग्रहही धरला. पुढे साधने सुधारली, स्टेंट आले, धोका खूप कमी झाला, त्यामुळे तो सुरुवातीचा अंदाज मागे पडणे योग्यच होते. पण तंत्र जगभर गेले, त्या वेगाने त्यांची हिशेब ठेवण्याची सवय गेली नाही. १९९५ मध्ये एरिक टोपॉल आणि स्टीव्हन निसेन या दोन अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी आपल्याच शाखेला उद्देशून लिहिले की, आपण धमनीच्या पोकळीच्या चित्रात इतके गुंतलो आहोत की त्या चित्राचा रुग्णाच्या आयुष्याशी संबंध किती, हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न महत्त्वाचा का आहे, ते या शाखेच्या इतिहासातून समजते. हृदयाच्या बाबतीत पटणारे तर्क वारंवार खोटे ठरले आहेत. १९५०च्या दशकात छातीच्या आतल्या भिंतीलगतच्या धमन्या बांधून टाकण्याची एक शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली. तिथले रक्त अडले की ते हृदयाकडे वळेल, असा तिच्यामागचा विचार होता. रुग्ण बरे वाटल्याचे सांगत, चालू लागत. १९५९ मध्ये सिॲटलच्या लेनर्ड कॉब यांच्या गटाने अवघ्या १७ रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींच्या धमन्या खरोखर बांधल्या, काहींच्या नुसत्या त्वचेला छेद दिला. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया त्यानंतर फार काळ टिकली नाही. तीस वर्षांनी औषधांच्या बाबतीत हेच घडले, आणि ते जास्त भयंकर होते. झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. मग असे चुकार ठोके दाबणारे औषध दिले तर मृत्यू कमी होतील, हे कोणालाही पटेल. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके उत्तम दाबत. पण ‘कास्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मृत्यू कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. ही औषधे लिहून देणारे डॉक्टर अडाणी नव्हते. ते उत्तम शिकलेले होते. त्यांच्या शिक्षणाने त्यांना शरीराचा तर्क शिकवला होता, पण त्या तर्काविषयीची सावधगिरी शिकवली नव्हती.

स्थिर हृदयविकारातल्या अँजिओप्लास्टीकडेही याच नजरेने पाहायला हवे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ चाचणीत २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना उत्तम औषधोपचारासोबत अँजिओप्लास्टी मिळाली, निम्म्यांना फक्त औषधोपचार. साडेचार वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला, तेव्हा मृत्यू आणि झटका यांत फरक आढळला नाही. २०१७ मध्ये लंडनच्या गटाने ‘ऑर्बिटा’ या चाचणीत २०० रुग्णांवर आणखी कठीण कसोटी लावली. निम्म्यांना गुंगी देऊन कॅथलॅबमध्ये नेले, पण स्टेंट घातला नाही, आणि कोणाला काय झाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनंतर ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांतला फरक संख्याशास्त्रीय दृष्टीने ठोस ठरला नाही. त्यानंतर आलेल्या ‘इस्किमिया’ या चाचणीत ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतीयही होते. तिथेही सुरुवातीलाच अँजिओग्राफीकडे व पुढच्या प्रक्रियेकडे वळण्याने मृत्यूंत घट दिसली नाही. आता या पुराव्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. मुख्य डाव्या धमनीत गंभीर अडथळा असलेले, हृदयाची ताकद फार कमी झालेले, नुकताच झटका येऊन गेलेले रुग्ण ‘इस्किमिया’त नव्हते. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांना प्रक्रियेने निश्चित आराम मिळाला. आणि ‘ऑर्बिटा’च्याच संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की छातीदुखीची औषधे बंद ठेवली असता स्टेंट दिखाऊ प्रक्रियेपेक्षा दुखणे खरोखर कमी करतो. म्हणजे ‘स्टेंट निरुपयोगी’ असा सोपा निष्कर्ष कोणी काढला तर तोही चूक आहे. निघतो तो निष्कर्ष असा : स्थिर आजारात स्टेंट मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी तो बहुतेकांना लागत नाही, त्यामुळे कोणाला घालायचा हे चित्रातल्या टक्क्यांवर न ठरता त्या माणसाच्या त्रासावर आणि इच्छेवर ठरले पाहिजे. हे ठरवायला रुग्णाशी बोलावे लागते, आणि ते बोलणे शिकवावे लागते.

यावर पहिला आक्षेप सर्जन मंडळींकडून येतो आणि तो दमदार आहे. निर्णयाच्या गोष्टी ठीक, पण हात कच्चा असेल तर उत्तम निर्णय घेतलेला रुग्णही दगावतो. मला हे मान्य आहे, आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे प्रकरण पुरेसे आहे. तिथल्या रुग्णालयात १९८४ ते १९९५ या काळात झालेल्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल २००१ मध्ये आला. १९९१ ते १९९५ दरम्यान त्या युनिटमध्ये एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ बाळे, इंग्लंडमधल्या तशाच इतर युनिटमध्ये अपेक्षित असते त्यापेक्षा जास्त दगावली, असे अहवालाने म्हटले. तिथल्या शल्यचिकित्सकांच्या पदव्यांत काही उणे नव्हते. स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून वारंवार सांगूनही शस्त्रक्रिया चालू राहिल्या. पण ब्रिस्टलमधून हा आक्षेप सिद्ध होतो, त्यापेक्षा माझे म्हणणे अधिक सिद्ध होते. हात कच्चा असणे ही अर्धी गोष्ट. आपला हात कच्चा आहे हे ओळखून थांबणे, ही दुसरी अर्धी. त्याच काळात लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मार्क द लेव्हाल हे नवजात बाळांच्या मोठ्या धमन्यांची अदलाबदल करण्याची अवघड शस्त्रक्रिया करत होते. आधी उत्तम निकाल आल्यानंतर त्यांच्या हातून लागोपाठ मृत्यू झाले. त्यांनी आपल्या निकालांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले, ज्यांचे निकाल चांगले होते अशा सहकाऱ्याकडे जाऊन तंत्र पुन्हा समजून घेतले, आणि १९९४ मध्ये हे सगळे आपल्या नावाने प्रसिद्ध केले. आपल्या निकालाकडे असे पाहायला द लेव्हाल यांना कोणत्याही परीक्षेने भाग पाडले नव्हते. त्यांच्यासारखी वृत्ती नशिबाने एखाद्यात असणे आणि ती शिक्षणाने प्रत्येकात रुजवणे, यांत फार अंतर आहे.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातही थांबण्याचे एक उदाहरण आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातले पहिले हृदयरोपण केले. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांच्या गटाने त्याआधी कित्येक वर्षे प्राण्यांवर प्रयोग केले होते, ही घाईने केलेली नक्कल नव्हती. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही अयशस्वी ठरला, आणि मग तो कार्यक्रम थांबला. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी औषधे पुरेशी नव्हती, मेंदूमृत्यूला कायद्याचा आधार नव्हता. त्या एका वर्षात जगात शंभरावर हृदयरोपणे झाली आणि बहुसंख्य रुग्ण फार जगले नाहीत. भारतात यशस्वी हृदयरोपण व्हायला १९९४ उजाडावे लागले, अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला त्याच वर्षी. ‘पहिले’ म्हणून सेन यांचे नाव घेतले जाते ते रास्तच आहे. पण वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवताना त्या दोन शस्त्रक्रियांनंतरचे थांबणेही धडा म्हणून शिकवले जावे असे मला तळमळीने वाटते.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या देशात जास्त उपचारांपेक्षा उपचार न मिळणे हा मोठा प्रश्न आहे. अशा ठिकाणी संयमाचे धडे देणे ही चैन नाही का? आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. भारतभरच्या २०,९३७ रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंदणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मोठा झटका आलेल्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त होते, त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक ३६० मिनिटे होता, आणि गरीब रुग्णांना उपचार कमी व मृत्यू जास्त वाट्याला येत होते. सहा तास! झटक्यात हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो; तिथे संयम म्हणजे घातच. तरीही हा आक्षेप माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही. एका शहरात स्थिर रुग्णाला गरज नसताना स्टेंट आणि दुसऱ्या तालुक्यात झटका आलेल्याला साधे औषधही नाही, हे दोन्ही एकाच उणिवेचे परिणाम आहेत : तज्ज्ञाचे लक्ष कॅथलॅबच्या दारातून आत येणाऱ्या माणसापुरते मर्यादित ठेवणारे शिक्षण. १९८८ च्या ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के, एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. ही औषधे द्यायला डीएम लागत नाही; ईसीजी वाचणारा, धोका ओळखणारा आणि फोनवर सल्ला मिळणारा एमबीबीएस डॉक्टर पुरे. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्राला जोडून नेमके हेच करून पाहिले गेले, आणि २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. तिथला हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच्या हाताने जेवढे जीव वाचवतो, त्याहून अधिक जीव तो दूरच्या डॉक्टरला वेळेवर योग्य निर्णय घ्यायला मदत करून वाचवतो. हे कौशल्य डीएमच्या कोणत्या परीक्षेत तपासले जाते?

तिसरा आक्षेप व्यवसायाच्या वास्तवाचा. ‘डॉक्टर, एक ब्लॉक आहे ना, मग काढूनच टाका’ हे नातेवाइकांचे वाक्य प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाने ऐकलेले असते. न घातलेल्या स्टेंटनंतर सहा महिन्यांनी काही झाले तर दोष डॉक्टरचा. घातलेल्या स्टेंटनंतर झाले तर नशिबाचा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हापासून ही भीती अधिक धारदार झाली. शिवाय प्रक्रियेचे पैसे मिळतात, अर्धा तास समजावून सांगण्याचे फारसे मिळत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याने रुग्णांचे लाखो रुपये वाचले, हे फार चांगले झाले, पण स्टेंटची गरज आहे की नाही हा प्रश्न किमतीच्या नियंत्रणाने सुटण्यासारखा नव्हता. अशा दडपणात शिक्षण काय करणार, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की दडपण असते म्हणूनच शिक्षण लागते. सीसीयूतल्या रात्रीचे दडपण सोसायला आपण विद्यार्थ्याला तीन वर्षे तयार करतो. नातेवाइकांसमोर पुरावा सोप्या मराठीत मांडून ‘आज काही करायची गरज नाही, आणि का नाही ते सांगतो’ असे म्हणण्याचे दडपणही तसेच सरावाने सोसता येते. लिहून ठेवलेला, सहकाऱ्यांच्या चर्चेतून घेतलेला निर्णय न्यायालयातही एकट्याच्या निर्णयापेक्षा भक्कम उभा राहतो.

असा निर्णय शिकवणारी, गुरूजवळ राहून शिकण्याची परंपरा या शाखेत मुळातच आहे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी रंगूनला पदवी घेतल्यावर अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग आणि बॉस्टनला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे प्रशिक्षण घेतले, आणि परतल्यावर दिल्लीत या शाखेची पायाभरणी केली. टॉसिग यांनी स्वतः कधी शस्त्रक्रिया केली नाही. निळ्या पडणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांकडे रक्त कमी जाते, हे वर्षानुवर्षे तपासून, ऐकू कमी येत असल्याने बोटांनी छातीचे ठोके चाचपून, त्यांनी ओळखले. त्यांच्या आग्रहावरून १९४४ मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी फुप्फुसांकडे रक्त वळवणारी ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली, आणि तिचे तंत्र प्रयोगशाळेत घडवले होते व्हिव्हियन टॉमस यांनी, ज्यांच्याकडे वैद्यकाची पदवीच नव्हती. कोणत्या मुलाला हात लावायचा आणि कोणाला नाही, हे टॉसिग ठरवत. पद्मावतींना अशा गुरूकडून मिळालेले शिक्षण आज एका विभागात दरवर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत आपोआप पोचेल, ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यासाठी व्यवस्था करावी लागेल.

ती फार खर्चिक नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने डीएमच्या लॉगबुकात प्रक्रियांच्या रकान्यांशेजारी एक रकाना वाढवावा : ज्या रुग्णांत हस्तक्षेप टाळला त्यांची कारणे, पुरावा आणि एका वर्षानंतरची स्थिती. प्रत्येक विद्यार्थ्याकडे असे काही ठरावीक रुग्ण तीनही वर्षे, नेमणूक बदलली तरी, त्याच्याच नावाने ओपीडीत यावेत. अवघड रुग्णांबाबत हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून ठरवण्याची पद्धत युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१० पासून ठामपणे सुचवली आहे. आपल्या प्रत्येक शिकवणाऱ्या विभागात ती आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांसमोर, उघडपणे व्हावी. एमडीच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. डीएमच्या विद्यार्थ्यांनाही गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीत पाठवावे. तिथून कॅथलॅब किती तासांवर आहे हे एकदा स्वतः मोजल्यावर शहरातला त्यांचा निर्णय बदलेल. आणि शेवटच्या परीक्षेत एक रुग्ण असा असावा की ज्याला काहीही करायचे नाही. परीक्षकांनी विद्यार्थ्याला त्या रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायला लावावे, आणि त्या बोलण्याला अँजिओग्राफीच्या वाचनाइतकेच गुण द्यावेत.